डाव्या खांद्याची रायफल

ओर्सोला : हात वर केला त्यानं, मार्झिया! माझ्या पोटच्या पोरानं. स्वतःच्या हातानं घडवलेल्या रायफलीवर स्वतःच बोली लावली, भर लिलावात, पाद्रींच्या शेजारी बसून. अख्खं गार्दोने गाव मान वळवून बघत होतं. मला आधी वाटलं, माशी हाकलतोय.

मार्झिया : मम्मा, कोट तरी काढा. तुल्लिओ कुठाय?

ओर्सोला : येतोय मागनं पाय ओढत. माझ्याबरोबर चालू नकोस म्हटलं. लाज आहे मला.

मार्झिया : पण रायफल तर दान दिलेली ना? नळी फाउस्तोची, नक्षी त्या दोघी बहिणींची, खांद्याला टेकायचा लाकडी दस्ता तुल्लिओचा. कुणी मजुरी घेतली नाही.

ओर्सोला : म्हणून तर! विकून येईल त्या पैशात खोऱ्यातली पोरं उस्तादांच्या हाताखाली शिकणार, पगार घेऊन. नाहीतर हे काम आपल्याबरोबर कबरीत जाणार. म्हातारा फाउस्तो तर हॉलमध्ये डोळे पुसत होता. आणि आपला शहाणा बेचाळीस हजार युरोला आपलीच रायफल उचलतो! समोर तो बोल्झानोचा लाकूडवाला, मान अशी बैलासारखी. एक्केचाळीसवर थांबला बिचारा.

मार्झिया : बेचाळीस? आणणार कुठून?

ओर्सोला : हे घर आणि खालचं वर्कशॉप, दोन्ही बँकेत गहाण टाकून. शुक्रवारच्या आत. घर माझ्या नावावर, म्हणजे सही माझी. हॉलच्या पायरीवरच मागायला लागला.

मार्झिया : पण असं का केलं त्यानं? काही बोलला?

ओर्सोला : तो कधी बोललाय? रायफलीला हात लावल्यावर मला कळलं. लिलावाआधी सगळे उचलून बघत होते, मीही बघितली. उजव्या खांद्याला लावली तर बसेचना, गालाला टेकायला लाकूडच नाही. मग डाव्या खांद्याला लावली.

मार्झिया : डाव्या.

ओर्सोला : बसली. पण मला लांब पडली. लांब हाताच्या माणसासाठी केलीय ती. खाली बस, पोरी.

मार्झिया : इलारिओ...

ओर्सोला : बस म्हटलं ना.

मार्झिया : त्याचं हिरवं जाकीट, मम्मा. अख्खा हिवाळा शोधतेय मी. तुमच्यावर संशय घेतला. म्हटलं, चर्चमध्ये देऊन टाकलं असेल.

ओर्सोला : मी? गेलेल्या पोराचा कपडा, आईला न विचारता? चांगलं ओळखलंस सासूला.

(तुल्लिओ दारात उभा आहे, टोपी हातात.)

तुल्लिओ : मी नेलं जाकीट. बाहीचं माप घ्यायला. खाली आहे. धुतलेलं नाही.

मार्झिया : मला विचारायचंस.

तुल्लिओ : तू दिलं नसतंस.

मार्झिया : दिलं असतं.

ओर्सोला : आत ये आणि दार लाव, गारठा येतोय.

तुल्लिओ : मम्मा, फक्त सही कर. बाकी मी फेडीन. तो लाकूडवाला उजव्या हाताचा आहे. गरम तेलाची फडकी गुंडाळून दस्ता वाकवून घेईल, गालाकडचा भाग तासून टाकील. आपल्या पोराचं काहीच उरणार नाही त्यात.

ओर्सोला : मग दिलीस कशाला विकायला?

तुल्लिओ : दिली तेव्हा वाटलं, लांब जाईल, बरं होईल. पण त्यानं उचलली, खांद्याला लावली आणि हसला. म्हणाला, ही वाकडी आहे.

मार्झिया : असं म्हणाला?

तुल्लिओ : सगळ्यांसमोर.

मार्झिया : मलाही ती घरात हवी, तुल्लिओ. खोटं नाही बोलणार. पण वर्कशॉप गेलं तर ती पोरं दस्त्याचं काम कुठं शिकणार? तुझ्याशिवाय कोण राहिलंय आता?

तुल्लिओ : मी कुणाला शिकवणार नाही.

ओर्सोला : ते ठाऊक आहे खोऱ्याला. पोटच्यालाही नाही शिकवलंस.

तुल्लिओ : शिकवत होतो! तोच टिकला नाही.

ओर्सोला : त्याचा डावा हात कमरेला बांधून शिकवत होतास! जेवणाचा डबा घेऊन मीच खाली यायचे, तुल्लिओ. आंधळी नव्हते.

तुल्लिओ : आपला लाकूड आवळून धरायचा शेगडा उजव्या हाताचा आहे. खिडकी, उजेड, हत्यारं, सगळं त्याच बाजूनं. आजोबांनी बसवलाय. मी तसाच शिकलो, पप्पा तसेच शिकले. त्याला म्हटलं, हात बदल. तर मला म्हणाला, पप्पा, शेगडा फिरवा.

मार्झिया : मी बोल्ट सोडवायचा पाना आणून ठेवला होता बाकावर. आठवतं?

तुल्लिओ : आठवतं.

मार्झिया : तू तो परत खिळ्याला टांगलास.

तुल्लिओ : पोलादाच्या कारखान्यात जा, असं मी त्याला कधी म्हटलं नाही.

ओर्सोला : नाही म्हटलंस. तिथं डावखुरा चालतो, एवढं त्यानं विचारून घेतलं होतं. लाल झालेल्या सळईला कुठला हात पुढे आलाय ते कळत नाही. शवपेटी बंद करूनच आणली त्यांनी आपल्याकडे, उघडूसुद्धा दिली नाही.

तुल्लिओ : पुरे, मम्मा. सही करतेस की नाही?

ओर्सोला : चौथीत शाळा सुटली माझी, पण सही येते मला. न करणंही येतं. लाकूडवाल्याशी बोलूनच आलेय, लिलाववाल्यालाही सांगितलंय. एक्केचाळीसला तो घेतोय. उद्या सकाळी माप द्यायला येईल.

तुल्लिओ : इथं?

ओर्सोला : मग कुठं? दस्ता तू केलास, वाकवायचाही तूच. परक्याला हात लावू देऊ नकोस त्याला.

तुल्लिओ : माझ्यानं नाही होणार ते.

ओर्सोला : होईल. मार्झिया तेल तापवून देईल.

मार्झिया : देईन. आधी जाकीट वर आण.

तुल्लिओ : मम्मा, तो माझा मुलगा होता गं.

ओर्सोला : होता. माझ्याकडे बघ, भिंतीकडे नको. आज त्याच्यासाठी घर द्यायला निघालास, वर्कशॉप, माझं म्हातारपण, सगळं. त्यातलं काही त्यानं मागितलं नव्हतं. खालचा शेगडा चार बोल्टांवर उभा आहे, तुल्लिओ. तेवढे चार तुझ्यानं सुटले नाहीत.