चालत येते म्हणून सांगू नको

मी मूळची बारवी धरणाच्या अंगाची, डोंगरातल्या पाड्यावरची. आमच्याकडं वाहन म्हंजे आपले पाय. बापूस चालायचा, आय चालायची, डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन बदलापूरच्या बाजाराला निघायची आणि मी तिचं लुगडं धरून मागं मागं. लग्न झालं, अंबरनाथला आली, मालक कारखान्यात हेल्पर, ते पण चालतच जायचे, तर मला कधी वाटलंच न्हाय का चालणं ही लाजायची गोष्ट हाय म्हणून. ती लाज मला म्हातारपणी लागली बघा.

माझा एकच पोरगा, प्रशांत. शिकला, कारखान्यात ऑफिसर झाला, पूर्वेला फ्लॅट घेतला, पांढरी गाडी घेतली. हे सगळं बघायला मालक न्हाय राहिले. मी आपली उल्हासनगरला, पाच नंबर कॅम्पात, एका सिंधी दादीकडं पापड लाटायला जाते, प्रशांत शाळेत व्हता तेव्हापासनं. तो म्हणाला आई सोड आता. मी म्हटली घरात बसून भिंतींशी बोलू काय? बरं जा, म्हणाला, पण रिक्षानं. सोसायटीतली एक बाई त्याला लिफ्टमधी बोलली व्हती, तुमच्या आई काल भर उन्हात चालल्या व्हत्या, गाडी बिघडली का काय? तेवढं बोलणं त्याला झोंबलं. आई, लोक काय म्हणतील, पोरगा एसीत आणि आई रस्त्यावर? कुणाला चालत येते म्हणून सांगू नको, आणि चालूच नको.

मी हो म्हटली. आणि चालतच राहिली. काय सांगू तुम्हाला ताई, मला रिक्षा लागते. तिघींच्या मधी दाबून बसलं का त्या वासानं पोटात ढवळतं, उतरून तिथंच भडाभडा. पण हे पोराला सांगायचं तर मंग तो म्हणणार काम सोड. म्हणून न्हाय सांगितलं. शिवमंदिराच्या पुढं गेली का पदर नाकाला लावायचा, मोठा रस्ता धरायचा, ट्रक, डंपर, रिक्षा, सगळ्यांचा धूर खात खात जायचं. दादी इचारायची, रिक्षा से आई ना? मी म्हणायची हां दादी. तिथंपण खोटंच. पदर जिथं नाकाला लागायचा तिथं काळा पडायचा, ती साडी मी मशीनला न्हाय टाकायची, बाथरूममधी बसून हातानं घासायची.

एक दिवस सकाळी मोठ्या रस्त्यावर ही गाड्यांची रांग. सगळे हॉर्न मारतायत आणि मी आपली चालत त्यांच्या पुढं. तर बाजूलाच पांढरी गाडी. पुढं बांधलेली लिंबू-मिरची माझ्या हातची, मी ओळखली. प्रशांत चालवत व्हता, शेजारी टायवाले साहेब, काचा बंद. आणि मी काय केलं ताई? पोटच्या पोराला बघून तोंड फिरवलं. भिंतीवर क्लासची जाहिरात व्हती, ती बघत उभी राहिली, जशी काय मलाच दहावीला बसायचंय! गाडी सरकंना. तिचा गरम धूर माझ्या पायाला लागत व्हता. खोकला आला, पदर तोंडात कोंबला, तरी दाबला जाईना. मंग एकदाची गेली गाडी. वाटलं सुटली बाई, बघितलं न्हाय त्यानं. संध्याकाळी इचारलं कशी आलीस, मी म्हटली रिक्षानं. बरं, म्हणाला.

तो खोकला काय जाईना. छाती पिपाणीसारखी वाजायला लागली. प्रशांतची पण साखर निघालेली, तर दोघं एकाच डॉक्टरकडं गेलो. आधी त्याला इचारलं, दिवसात चालता किती? तो म्हणाला, लिफ्टपासून गाडीपर्यंत. डॉक्टर हसले. मंग माझी पाळी. मावशी, घरात चूल? न्हाय, गॅस. कामावर धूळ? उडदाचं पीठ उडतं तेवढं. जाता कशा? पोराकडं न बघता म्हटली, रिक्षानं. डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून बघत बसले, मंग प्रशांतला इंग्लिशमधी काय काय बोलले, मला त्यातलं टीबी एवढंच कळलं. आणखी तपासण्या करा, मुंबईला दाखवा. पोराचा चेहरा पांढरा पडला. मी मनात म्हणते, बोल गं भवाने, आता तरी बोल, पोरगा उगाच धास्तीनं मरंल. पण जीभ उचलंना. लाज जिवापेक्षा मोठी झाली व्हती माझी.

तेव्हा तोच बोलला, खाली बघून. डॉक्टर, आई रिक्षाने नाही जात. मोठ्या रस्त्याने चालत जाते. मी पाहिलंय.

पाहिलंय म्हणाला. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं मला.

डॉक्टर म्हणाले, हे बसून बसून साखर वाढवतात, तुम्ही चालता म्हणून पाय तरण्या बाईसारखे, पण ह्यांच्या गाड्यांचा धूर तुमच्या छातीत. दोघांचं मिळून एक धड माणूस झालं असतं. आणि साहेब, काच बंद केली म्हणून धूर आत येत नाही असं समजू नका. मावशी, चालणं नका सोडू, तो रस्ता सोडा. हसवायला बोलले असतील, पण आमी कुणी हसलो न्हाय. तपासण्या केल्याच, टीबी न्हाय निघाला, देवाची कृपा. घरी येताना गाडीत मी खिडकीकडं, तो रस्त्याकडं.

आता मी आतल्या गल्ल्यांनी जाते. लांब पडतं, पण ट्रक न्हाय तिथं, सावली हाय. डॉक्टरांनी दिलेला औषधाचा पंप तोंडानं ओढते. रविवारी प्रशांत येतो माझ्यासंगं मंदिरापर्यंत, पायी, त्याला दम लागतो, मी थांबते. सोसायटीतली ती बाई भेटली तर आता तोच आधी सांगतो, चालत चाललोय. कामाला मात्र गाडीच न्हेतो, कंपनी लांब हाय म्हणतो.

पण त्या दिवशी शेजारी साहेब व्हते ना. बाजूला म्हातारी खोकतीय, गाडी थांबलेली, त्यांनी इचारलं असंल, कोण रे ती? मंग ह्यानं काय सांगितलं असंल? रोज चालताना मनात येतं. इचारीन इचारीन म्हणते आणि त्याचं तोंड बघितलं का गप बसते. ओळखत न्हाय म्हणाला असंल, तर पाठ मीच आधी फिरवली व्हती ना ताई. देव त्याला सुखात ठेवो, त्याची साखर उतरू दे. मी न्हाय इचारायची.