दोन्हींना चालणारं काडतूस

कोल्ह्याला आणि हरणालाही चालेल असं एकच काडतूस कुठलं, हे मला नको विचारूस, विन्या. आपल्या लीड्सच्या समीरने बरोबर तसलंच घेतलं होतं, टू-फोर-थ्री. वीकेंडला आम्ही फॅमिलीसकट एका फार्मवरच्या कॉटेजमध्ये होतो. फार्मरने त्याला शिकारीची परवानगी दिलेली, म्हणून उजाडताना आम्ही दोघंच बाहेर पडलो. शेताच्या कडेच्या झुडपांच्या कुंपणापाशी, हेजपाशी, काहीतरी तपकिरी हललं.

“कोल्हा आहे की हरीण?” मी कुजबुजलो.

“काय फरक पडतो? दोन्हींना चालतं,” म्हणत त्याने रायफल खांद्याला लावली.

तेवढ्यात ते तपकिरी खोकलं.

तो खोकला मी लहानपणापासून ऐकतोय रे. मी समीरचा दंड घट्ट धरला.

हेजमागून बाबांची माकडटोपी वर आली. नागपूरहून आलेत, पण पहाटे पूजेला फुलं तोडायची सवय इथेही सुटत नाही. रायफल बघून त्यांनी फुलांसकट हात वर केले.

“अरे, चारच घेतली रे! देवापुरती!”

समीर तिथेच चिखलात मटकन बसला. मला अजून त्याचं ते वाक्य ऐकू येतं. खरंच काही फरक पडला नसता. ते काडतूस बाबांनाही चाललं असतं.