पंच आमच्याच जहाजाचा

माझा जन्म पेणच्या खाडीकडचा, बाप मिठागरावर, आजा मिठागरावर, आई डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहायची, आणि मी आठवीतनं निघालो तो फावडं घेऊन तिथंच उभा राहिलो. तुम्ही माझं लिहून घेणार म्हणताय, तर एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, मी भित्रा माणूस हाय. मुकादमाला भ्यायचो, उधाणाच्या पाण्याला भ्यायचो, शाळेत असताना मास्तरांच्या नुसत्या चपलांना भ्यायचो. भात कापलं की मोकळ्या शेतात पोरं फुटबॉल लाथाडायची, मी पण जायचो, पण बॉल अंगावर आला की बाजूला व्हायचो. पोरं म्हणायची, हा बॉलला वाट देतो, जशी काय पालखीच आली.

मिठागर बंद पडलं तेव्हा खाडीतल्या बार्जवर खलाशी झालो, तिथनं कागदपत्रं करून मोठ्या जहाजावर लागलो. लग्न झालं होतं, वासंती जवळच्याच गडब गावची, ही काय आत भाकऱ्या थापतेय, कान इकडंच हायत तिचे. तिला सांगितलं होतं, जहाजावर काय भीती नाय, पोलादाचं असतं. मी स्वतः पहिले पंधरा दिवस उलट्या करत देवाचं नाव घेत होतो ते सांगितलं नाय.

आता पंच कसा झालो ते ऐका. बंदरावर खलाशांचा क्लब असतो, ते तुम्हाला मैदान देतात, बॉल देतात, दोन तास. दोन जहाजं लागली असली की त्यांची मॅच व्हायची. पण पंच कोण देणार? तर रीत अशी की टॉस हरेल त्या जहाजाने आपल्यातला एक माणूस पंच म्हणून द्यायचा. चांगला खेळणारा कुणी देत नाय. आमचा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, तो फिलिपिन्सचा म्हातारा, तो माझ्याकडं बघून म्हणाला, तुला खेळता येत नाय, धावता तरी येतं ना, मंग घे शिट्टी. ती मॅच सिंगापूरला झाली. मी नियम पाठ केले, क्लबात एक जुनं पुस्तक होतं त्यातली चित्रं बघून. तोंडात शिट्टी धरली तर तोंड एवढं कोरडं की नुसती हवाच निघाली, दोन्ही जहाजांची माणसं हसली. पण मला नजर होती. मिठावर काम केलेला माणूस, त्या चकाकीत बघायची सवय, लांबचं बरोबर दिसायचं मला. मंग बेल्जियमला बर्फाच्या चिखलात झाली, इजिप्तला तर मैदानावर गवत नावालाही नव्हतं आणि हरलेली माणसं माझ्या मागं दगड घेऊन लागली, मी क्लबाच्या संडासात कडी लावून बसलो, बोसनाने येऊन दार वाजवलं तरी उघडंना.

पण ती भीती काय भीती नाय. खरी भीती आमच्याच जहाजावर होती.

त्या वर्षी चीफ ऑफिसर म्हणून जो साहेब आला तो आपला मराठी माणूस, पुण्याचा. मला केवढा आनंद झाला, काय सांगू तुम्हाला, सातासमुद्रापार आपली भाषा. गोरा, उंच, बोलणं एकदम गोड. आणि फुटबॉलचं वेड, आमच्या टीममधनं स्वतः खेळायचा. खलाशी घरी जाताना त्याचा कागद हाच साहेब लिहितो, माणूस कसा हाय, परत घ्यावा का नाय. तो कागद वाईट आला की पुढचं जहाज विसरा. आम्ही सगळे त्या कागदाला धरून जगायचो.

दक्षिण आफ्रिकेत डर्बनला मॅच होती. आम्ही टॉस हरलो, पंच मी. एक एक बरोबरी, शेवटची पाच मिनिटं, समोरच्याने मारलेला बॉल सरळ आमच्या गोलात चाललेला, आणि चीफसाहेबाने हाताने अडवला. कोपराने नाय, चुकून नाय, आख्ख्या पंजाने. मी शिट्टी मारली. बघा, ठरवून मारली नाय, धीर होता म्हणून मारली नाय, डोळ्याने बघितलं आणि तोंडाने वाजवली, एवढंच. पेनल्टी झाली, गोल झाला, आम्ही हरलो. आणि मंग मला कळलं मी काय करून बसलोय. आमची बाकीची दहा माणसं आपापल्या बुटांकडं बघत होती. साहेब हसत आला, माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, शाब्बास रे पेणकर. रागावला असता तर बरं झालं असतं.

मॅच जमिनीवर असते, नंतरचे दिवस पाण्यावर. डर्बनहून ब्राझीलपर्यंत नुसतं पाणी, आणि साहेब तोच. आठवडा गेला. मंग मला रंग मारायला डोलकाठीवर चढवलं, लाटा असताना. वर पन्नास फूट, खाली लोखंड, जहाज इकडं झुकलं की खाली समुद्र, तिकडं झुकलं की खाली समुद्र. आणि कमरेच्या वॉकीटॉकीतनं त्याचा गोड आवाज, काय रे पेणकर, तुमच्याकडचे गणपती फार सुरेख असतात म्हणे, मला एक आणून देशील का? मी वर लटकलेला, हात रंगाने बुळबुळीत, आणि मी म्हणतोय व्हय साहेब, देतो साहेब. दुसऱ्या दिवशी परत वर. तिसऱ्या दिवशी जहाजाच्या पोटातल्या रिकाम्या टाकीत, गाळ काढायला. आत हवा खराब असली तर माणूस ओरडतसुद्धा नाय, बसतो खाली आणि संपतो. बोसन हळूच म्हणाला, हवा तपासल्याशिवाय उतरू नकोस, माग तपासणी. मागितली नाय मी. मागायची पण भीती. उतरलो. सगळे नियम कागदावर होते हो, भिंतीवर फोटोसकट लावलेले होते, पण ते मागायला जीभ लागते.

तुम्ही विचारताय, तो मला मुद्दाम पाठवत होता का. मला नाय माहीत. खलाशाचं काम तेच असतं. पण प्रत्येक वेळी माझंच नाव कसं यायचं?

ब्राझीलला सांतोसच्या बंदरात लागलो, आणि जेवताना सगळ्यांदेखत साहेब म्हणाला, उद्या मॅच आहे, टॉसबिस राहू दे, पंच आपला पेणकर.

समोर ब्रह्मदेशी खलाशांचं जहाज होतं. त्यांच्या गोलात त्यांचा आचारी, एवढासा माणूस, माझ्या खांद्याला लागेल एवढा. बरोबरीच होती. उंच बॉल आला, आचाऱ्याने उडी मारून दोन्ही हातांनी धरला, आणि साहेबाने कोपर घातलं त्याच्या तोंडावर. बॉल सुटला, गोलात गेला. मी दहा पावलांवर होतो, ऊन माझ्या पाठीशी. आचारी उठला, तोंडातनं रक्त, हातात दोन दात. माझ्याकडं चालत आला, ओरडला नाय, दात दाखवले आणि विचारलं,

यू सी?

साहेब त्याच्या मागं उभा होता. हसत होता. मला ती डोलकाठी दिसली, ती टाकी दिसली.

मी म्हटलं, नो सी.

आणि मधल्या रेषेकडं हात केला. गोल दिला.

वासंती थापायची थांबली बघा. तिला पण आजच कळतंय.

त्यानंतर मला वर चढवलं नाय, टाकीत उतरवलं नाय. घरी येताना कागद मिळाला, साहेबाच्या हाताने लिहिलेला, आज्ञाधारक आणि भरवशाचा माणूस, जरूर परत घ्यावा. त्या कागदावर पुढची दोन जहाजं केली. शिट्टी घेतली नाय, गुडघा दुखतो सांगायचो. मंग खरंच दुखायला लागला, तेव्हा घरी आलो.

आता एका ठेकेदाराकडं गोडाऊनच्या गेटवर हाय. पण गावच्या पोरांना कुणीतरी सांगितलं की काका परदेशात पंच होते. झालं. भात कापलं की स्पर्धा, आणि पत्रकावर माझं नाव, आंतरराष्ट्रीय पंच. जिते गावाला छापलं, नागोठण्याला छापलं. मी नको म्हणायचो, पण पोरं ऐकतात होय? छोट्या मॅच होत्या, कुणी कुणाचा मालक नव्हता, मी पण वाजवत गेलो.

आता या रविवारी रोह्याला फायनल हाय. एका बाजूला आमचा ठेकेदार स्वतः खेळतो, चाळिशी उलटली तरी पुढं खेळतो, आणि धक्के मारून खेळतो ते सगळ्या तालुक्याला माहीत. परवा गेटवर गाडी थांबवून काच खाली केली आणि म्हणाला, काका, पंच म्हणून तुमचंच नाव मी सुचवलंय हां. गोड हसला. गाडी गेली आणि मी तिथंच खुर्चीत बसून राहिलो, पुढचा ट्रक हॉर्न मारतोय, मला गेट उघडायचं सुचंना. दोन रात्री झोप नाय. साठीला आलेल्या माणसाला दुसरी नोकरी कोण देणार? तुम्ही जवान माणूस, तुम्ही म्हणाल, काका, न्यायाने वागा. वागा म्हणणं सोपं असतं. माझं पोट अजून डोलकाठीवरच लटकलंय.

हां, आली बघा बाहेर. हाताला पीठ तसंच.

काय गो? रोह्याला. चार वाजता. कशाला विचारतेस?

ही म्हणते, मी येणार, अगदी पुढं बसणार. अगो, इतकी वर्षं एक मॅच बघितली नायस, तुला फुटबॉलमधलं काय कळतंय?

फुटबॉल कळत नाय, म्हणते, पण तुम्हाला दिसलं का नाय दिसलं, ते मला तुमच्या तोंडावर कळंल.

झालं, म्हणजे आतापर्यंत एकाची भीती होती, आता दोघांची. हसू नका. तुम्ही जेवून जा, तांदळाची भाकरी हाय, सुकट हाय. भरपूर लिहा, सुखी राहा, तुम्हाला कुणापुढं जीभ गिळायची वेळ न येवो. आणि रविवारी मोकळे असाल तर रोह्याला या, हिच्या शेजारी बसा. कोण कुठल्या टीमचा ते हिला सांगायला कुणीतरी लागंल.