दांडी मात्र कडकच

...आणि वर मलाच विचारतो, चेंडू ओढ्यात गेला तो वाऱ्यानंच ना? वाऱ्यानं म्हणे! अहो, गेल्या वर्षीच्या त्या फायनलला वारा होता कुठं? समुद्र बशीत ओतलेल्या चहासारखा निपचित पडलेला, बंदरावरच्या झेंड्यानं मान टाकलेली, सीगलसुद्धा उडायचा कंटाळा करून पायी चाललेले... आणि आमचा डूगल, माझा नवरा, अजून म्हणतो, वारा. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला ना, त्यामुळं वारा कुठून येतो हे याला चेंडू पडला की लगेच कळतं. मारायच्या आधी कधी कळलेलं मला तरी आठवत नाही.

वारा नव्हे हो, दांडी! गोल्फच्या स्टिकची दांडी! आता तुमच्यापैकी कुणी गोल्फ खेळत नसेल तर सुखी आहात, तसेच राहा. पण एवढं ऐकून घ्या. लोखंडी पात्याच्या ज्या स्टिका असतात त्यांना आयर्न म्हणतात, आणि त्या फिरवल्या की त्यांची दांडी जराशी वाकते. ज्याचे हात झपकन फिरतात त्यानं कडक दांडी घ्यावी, ज्याचे सावकाश फिरतात त्यानं मऊ घ्यावी, म्हणजे चेंडू उचलला जातो. संपलं शास्त्र! मऊ हातात कडक दांडी दिली तर चेंडू जमिनीसरपट उजवीकडं जातो, आखूड पडतो आणि मारणाऱ्याचा हात कोपरापर्यंत झिणझिणतो. एवढं लहान मुलालाही कळेल. पण त्या दांडीवर, मुठीच्या जरा खाली, एक बारीकसं अक्षर छापलेलं असतं आणि तिथं सगळा घोळ होतो बघा. एल म्हणजे लेडीज, सगळ्यात मऊ. एक्स म्हणजे सगळ्यात कडक, टीव्हीवर ती दणकट पोरं खेळतात ना, त्यांच्यासाठी. आणि आमच्या या फाइफ परगण्याच्या किनाऱ्यावरचे म्हातारे, गुडघे बदलून घेतलेले, पायमोजा चढवताना बायकोला हाक मारणारे, मार्मलेडच्या बरणीचं झाकण माझ्यापुढं सरकवून खिडकीबाहेर बघत बसणारे... यांची दांडी मात्र कडकच!

बरं, मापं घ्यायला मीच याला धरून नेलं होतं. जवळच्या कूपर गावात तो स्ट्रुअन नावाचा इसम आहे, गोदामात दुकान थाटलंय, जाळी लावलीय, जाळीपुढं पडदा, पडद्यावर आकडे. अंगात घट्ट टी-शर्ट, तोंडात च्युइंग गम. डूगलनं चेंडू मारले, पडद्यानं बिचाऱ्यानं खरं ते सांगितलं, की बाबा रे, तुझे हात सावकाश फिरतात, तू मऊ दांडी घे. मी वाचलं ना माझ्या डोळ्यांनी! पण स्ट्रुअननं पडद्याकडं बघितलंच नाही, त्यानं बघितलं डूगलच्या तोंडाकडं. आणि मग तो मान डोलवत, गम चघळत काय म्हणाला असेल? म्हणाला, "आकड्यांचं सोडा हो सर. तुमच्या मनगटात जी ताकद आहे ना, ती मशीनला दिसत नाही."

मशीनला दिसत नाही! मला दिसत नाही, पंचेचाळीस वर्षं एका घरात राहून! पण डूगल असा फुलला, असा फुलला, की घरी येताना गाडीतसुद्धा मनगट वळवून बघत होता. एक्स अक्षराचा अख्खा सेट घेतला. आणि त्या प्रत्येक आयर्नला रबरी टोपडं! होय, टोपडं, नंबर घातलेलं, बाळाला घालतात तसं. लोखंडाला थंडी वाजेल म्हणून असेल. बाहेरून टोपडं आणि आतून दांडी मात्र कडकच.

आता तुम्ही म्हणाल, बाई, त्याच्या दांडीशी तुला काय करायचंय, तू आपली तुझी खेळ. तेच तर सांगते! आमच्या क्लबात वर्षातून एकदा नवरा-बायकोचा कप असतो. एका जोडीला चेंडू एकच, एक फटका त्यानं मारायचा, पुढचा तिनं. आणि पिशवीही दोघांत एकच, तिच्यात स्टिका सातच. फार पूर्वी कुणा कॅप्टनला बायकोची पिशवी उचलायचा कंटाळा आला असेल, त्याचा झाला नियम. खेळ सुरू झाला की पिशवीत फेरबदल नाही. आणि त्या एका पिशवीत आयर्न कुणाचे असतात? नवऱ्याचे! असं कुठं लिहिलेलं नाही, कुणी बोललेलंही नाही, पण सगळ्या बायका वर्षानुवर्षं नवऱ्याच्या त्या पहारी घेऊन मुकाट्यानं चेंडू सरपटवत असतात. मीही त्यातलीच.

आणि कप कुठं असतो? माझ्या धाकट्या बहिणीकडं, नेटाकडं. वर्षानुवर्षं! तिचा नवरा गिल्बर्ट, दातांचा डॉक्टर होता, अजूनही बोलताना माणसाच्या डोळ्यांत न बघता तोंडात बघतो. त्याच्याही दांड्या एक्स, पण नेटाचे हात आमच्या वडिलांवर गेलेत, ती लोखंडी पहारीनंसुद्धा खेळेल. असो. तिनं जिंकावं, माझी ना नाही. पण त्या कपात ती काय ठेवते ठाऊक आहे? कपडे वाळत घालायचे चिमटे! आमच्या आईनं जिंकलेला कप हो तो. आई दर शनिवारी तो फडक्यानं पुसून खिडकीत ठेवायची, त्याच्यात आमची तोंडं वाकडी दिसायची म्हणून आम्ही दोघी हसून लोळायचो. त्यात चिमटे! नेटाकडं चहाला गेले की मला घास गिळवायचा नाही. मला तो कप हवा होता. सरळ सांगते, लाजत नाही, दुसरं काही नको होतं, तो कप माझ्या घरात हवा होता.

तर यंदा आम्ही पुन्हा फायनलला पोचलो. कसे पोचलो ते विचारू नका, एका जोडीत कंबर धरली, दुसऱ्या जोडीत भांडण झालं. समोर नेटा आणि गिल्बर्ट. आदल्या संध्याकाळी मी जीव तोडून सांगितलं याला, की डूगल, यंदा माझे आयर्न घेऊ, मलाही उचलता येतील आणि तुलाही. तर हा सूपचा चमचा खाली ठेवून म्हणाला, "बायकांच्या दांड्या? क्लबाच्या खिडकीसमोर? त्यापेक्षा मी नेसत्या टॉवेलवर खेळेन." आणि पुन्हा सूप प्यायला लागला. म्हणजे कप गेला तरी चालेल, बायकोचा हात कोपरातून निखळला तरी चालेल, दांडी मात्र कडकच!

बरं, पिशवी भरतं कोण? मी! टॉवेल, चेंडू, पावसाळी जाकीट, त्याचं सँडविच, सगळं मीच भरते, यानं जन्मात पिशवीत हात घातला नाही. मी काय केलं... शांतपणे त्याचे आयर्न काढले, कोळशाच्या खोलीत ठेवले, माझे आयर्न पिशवीत घातले आणि त्यांच्यावर त्याची ती रबरी टोपडी चढवली. हवी होती ना टोपडी? घे!

पहिल्या होलला पहिला फटका डूगलचा, मोठ्या स्टिकनं, म्हणजे प्रश्न नव्हता. दुसरा माझा. मी टोपडं काढलं, मारलं, टोपडं घातलं, त्याला पत्ताच नाही. तिसरा त्याचा. त्यानं रुबाबात टोपडं उपसलं, मूठ आवळली, आणि खाली बघितलं. मूठ बारीक, दांडी सडपातळ, आणि एल! अहो, त्याच्या तोंडावरचा रंग असा उतरला, मला वाटलं आता डॉक्टरच बोलवावा लागतो की काय.

"एल्स्पेथ," म्हणाला, "हे काय आहे?"

"आयर्न," म्हटलं.

"कुणाचे?"

"आपले," म्हटलं. "मार."

करतो काय? खेळ सुरू झालेला, पिशवी बदलता येत नाही, आणि पलीकडं गिल्बर्ट उभा. त्यानं अंगठा त्या एलवर असा दाबून धरला, जणू चोरीचा माल. आणि जोरात मारायचीही लाज वाटली त्याला, दांडी वाकलेली कुणाला दिसली तर? म्हणून आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस हळू मारता झाला. गुपचूप, कसंबसं उरकून टाकल्यासारखं. आणि चेंडू... तुम्हाला सांगते, चेंडू उठला! वर गेला, बराच वेळ वरच राहिला, आणि होलवरच्या झेंड्याजवळ येऊन टपकन बसला. डूगल त्याच्याकडं बघतच राहिला. बरं, काही बोलेल? नाव नको! पुढच्या होलला म्हणाला, आज वारा मदत करतोय.

वारा! पुन्हा वारा! मी दात-ओठ खाल्ले आणि पिशवी उचलली. कारण आम्ही जिंकत होतो. अख्खी दुपार हा माणूस आयर्न जाकिटाखाली लपवून चालत होता, गिल्बर्टला वाटलं याचा हात दुखतोय, आणि नेटा माझ्याकडं बघून म्हणत होती की डूगलला झालंय तरी काय, इतका शहाण्यासारखा खेळतोय.

तर शेवटच्या होलला दोन्ही जोड्या बरोबरीत. हिरवळीपुढं आमचा तो ओढा, दर वर्षी आमचं नाक कापणारा. वर क्लबाची खिडकी, खिडकीत सगळी टाळकी, हातात मटणाचं पॅटिस आणि बिअर. गिल्बर्टनं मारला, अंगातली सगळी कवळी-दाढ ताकद लावून, एक्स दांडीनं. सरपटत गेला आणि डुबुक. ओढ्यात! आता डूगलची पाळी. मला माहीत होतं, हा आता खिडकीकडं बघणार, छाती काढणार आणि सगळा सत्यानाश करणार.

पण तो माझ्याजवळ आला. अगदी हळू म्हणाला, "एल्स्पेथ, मला भीती वाटतेय." अहो, इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं, मुलाच्या ऑपरेशनच्या वेळीसुद्धा नाही. माझा राग क्षणभर कुठं गेला कळलं नाही. मी म्हटलं, "तू जोर लावू नकोस. मी मारते तसं मार."

आणि मारलं त्यानं. माझ्यासारखं! चेंडू ओढ्यावरून असा निवांत गेला, हिरवळीवर उतरला आणि थांबला. मी तो हलकेच ढकलून होलच्या कडेला नेऊन ठेवला, माझ्या बहिणीनं हात हलवून पुढचा फटका न मारताच मान्य केला, आणि संपलं. कप आमचा! मी तिथंच मटकन बसले आणि रडले, लाजत नाही.

आता इथं गोष्ट संपायला हवी होती ना? डोंबल! क्लबात गिल्बर्ट आला, डूगलच्या तोंडात बघत विचारलं, दांड्या कुठल्या रे तुझ्या? आणि हा, माझा नवरा, हातात व्हिस्की, डोळ्याची पापणीही न हलवता म्हणाला, "एक्स. स्ट्रुअनकडच्या. जरा मनगटात ताकद लागते."

मी तोंड उघडलं होतं हो! उघडलं आणि मिटलं. कारण खरं सांगितलं तर काय होईल ते मला लख्ख दिसलं. हा दुसऱ्या दिवशी पुन्हा पहारी उचलणार, पुढच्या वर्षी चेंडू ओढ्यात आणि आईचा कप पुन्हा चिमट्यांत. म्हणून गप्प बसले. आता क्लबातली सगळी म्हातारी मंडळी कूपरला रांग लावून एक्स घेतायत, चेंडू उजवीकडं सरपटतायत, आणि स्ट्रुअन नवी गाडी फिरवतोय. आणि डूगलनं काय करावं? माझे आयर्न स्ट्रुअनकडं नेले, मुठी जाड करून घेतल्या, एल अक्षर पुसून टाकलं आणि सरळ स्वतःच्या पिशवीत घातले. मग मी काय खेळू? तर घरात आणखी एक उत्तम सेट पडलाय की, म्हणाला, कोळशाच्या खोलीत, नवाकोरा, तुलाच दिला जा. वर असं तोंड केलं, जणू दागिनाच दिला.

म्हणजे आता मी खेळते त्याच्या कडक दांड्यांनी. दर मंगळवारी, बायकांच्या खेळात, कोपर चोळत. काल माझा चेंडू गेला ओढ्यात. हा मागून आला, खांद्यावर हात ठेवला, आणि इतक्या मायेनं, इतक्या समजुतीनं बोलला, की मारावं की रडावं कळेना. म्हणाला, "एल्स्पेथ, वय झालं की हात मंदावतात गं. त्यात लाज कसली? तू आपल्या मऊ दांड्या घेत जा."

म्हटलं, बरं.