मी फक्त गाडी चालवतोय

नाही, पण मला एक सांगा, गाडीची काच वर करायची की खाली, एवढ्याशा गोष्टीला मध्यस्थ लागतो का हो? आमच्याकडे लागतो! पुढे माझ्या शेजारी दादा, मागे ताई, दोघांत हातभर अंतर, आणि ताई मला म्हणते, "तुझ्या भावाला सांग, काच वर कर म्हणावं, माझे कान दुखतात." माझा भाऊ म्हणजे हिचा कोण, भाडेकरू? बरं, दादा बहिरा नाही. तो अर्धी काच वर करतो आणि मलाच म्हणतो, "विचार तिला, एवढी पुरे का?" अरे, मी फक्त गाडी चालवतोय!

तुम्हाला सांगतो, सहा वर्षं हे असं चाललंय. बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हापासून. ऑपरेशननंतर बाबा दोनच दिवस शुद्धीवर होते, मग गेलेच... आणि ताई पोचली तिसऱ्या दिवशी. ती म्हणते दादानं मुद्दाम कळवलं नाही. दादा म्हणतो कळवलं होतं, हिलाच यायला सवड झाली नाही. झालं! त्या दिवसापासून दोघांचं सगळं बोलणं माझ्यामार्फत. मी धाकटा ना!

म्हणून मीच बेत केला. तिघांनी गाडी काढायची, लहानपणीच्या गावी जायचं, शाळेतल्या माझ्या बाकावरच्या ढब्बूला भेटायचं, दोन दिवस राहायचं. गाडीत बसल्यावर पळणार कुठे? बोलतीलच की! कसले बोलतायत... एका फाट्यावर दादा म्हणाला, "डावीकडे." मागून ताई, "त्याला सांग, उजवीकडे." "तिला सांग, मी इथे सोळा वर्षं राहिलोय." "त्याला सांग, मी अठरा!" मी वैतागलो आणि गेलो सरळ! वीस किलोमीटर गेल्यावर रस्ता संपला, पुढे दगडाची खाण. खाणीवरचा पहारेकरी विचारतो, "कोण हवंय?" काय सांगू त्याला? म्हटलं, बाबा रे, मी फक्त गाडी चालवतोय!

तर शेवटी पोचलो ढब्बूच्या दुकानात. चष्म्याचं दुकान आहे त्याचं. नाव ढब्बू, पण आता असा वाळलाय की त्याच्याच दुकानातल्या फ्रेमसारखा दिसतो. ताईला बघून उठलाच तो, वाकून नमस्कार केला. लहानपणी तिनंच त्याला गणितात पास करवलं होतं ना! "बस ताई, बस दादा," करत स्टुलं पुसली, चहा सांगितला. मला वाटलं, जमतंय. दादा हसतोय, ताई फ्रेम्स लावून बघतेय... आणि ढब्बू अगदी मायेनं म्हणतो, "ताई, बाबांच्या वेळी फार वाईट वाटलं गं. ऑपरेशनच्या संध्याकाळी मी ह्याला फोन केला होता. म्हटलं, ताई आली का? तर हा म्हणतो, दादानं कळवायला सांगितलंय, पण अजून कळवलं नाही, उगाच घाबरेल, उद्या करतो."

हा म्हणजे मी.

आता तुम्ही असे बघू नका माझ्याकडे! तुम्हाला सांगतो, डॉक्टर म्हणाले होते साधं ऑपरेशन आहे. ताईच्या मुलीची परीक्षा होती. मला वाटलं, चांगली बातमीच कळवू. उद्याचा परवा झाला... आणि मग ती आली ती दादावरच तुटून पडली. मी तोंड उघडणारच होतो हो! पण दोघं इतक्या मोठ्यानं बोलत होते... मला वाटलं, आपोआप मिटेल.

चष्म्याच्या दुकानात किती आरसे असतात, तुम्हाला कल्पना आहे? जिकडे बघावं तिकडे माझंच तोंड!

ताईनं डोळ्यांवरची फ्रेम काढली. मग, सहा वर्षांत पहिल्यांदा, सरळ दादाकडे बघून म्हणाली, "तू सांगितलं होतंस?"

दादा म्हणाला, "पहिल्याच दिवशी, ह्याला. मला वाटलं तुला कळलंय आणि तू आली नाहीस. बाबा दारात पाऊल वाजलं की तुझं नाव घेत होते गं."

मग दोघं रडले. मीही रडलो, पण माझ्याकडे कोणी बघेना. ढब्बूनं सुद्धा चष्मा पुसायचा मऊ कपडा दिला तो त्या दोघांना!

परतताना दादा मागे बसला, ताईशेजारी. साडेचार तास! बाबांच्या गोष्टी काय, गणिताच्या मास्तरांच्या नकला काय, हसून हसून गाडी हलत होती. मी एकदा म्हटलं, "ताई, चुकलं गं माझं." मग दादा म्हणाला, "पुढे बघ." मी म्हटलं, अरे, माझं ऐका तरी! तर ताई म्हणते, "तू फक्त गाडी चालव."

आता गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला. मला वाटलं, निवळला राग! तर ती आणि दादा रेल्वेनं आठ दिवस मावशीकडे निघालेत. दोनच तिकिटं काढलीत. सामान जड आहे, तेवढं स्टेशनवर सोडशील का, विचारत होती. म्हटलं, सोडतो... किती वाजता येऊ?