भिंतीवरचे बुडबुडे

सौंसरच्या बँकेत जयवंताचे पाय रांगेत होते, पण कान पुढच्या म्हाताऱ्या नवराबायकोच्या बोलण्यात गुंतले होते.

"आधार कार्डावरचा तुमचा फोटो कुठी गेला जी?"

"सुनेच्या पार्लरात भिंतीवर नावाची स्टिकरची अक्षरं लावली ना. घासाले हे कार्डच सापडलं."

"मले काहून नाही बोलवलं?"

"तूच तं म्हणे, घरात पार्लर झालं तं मी त्या खोलीत पाय ठेवत नाही!"

"म्हणलं होतं. नीट बसली का अक्षरं?"

"बुडबुडे राहिले. संध्याकाळी उद्घाटन हाये, अन् सूनबाई रडून राहिली."

"चाला घरी."

"अन् बँकेचं काम?"

"उद्या करू. माह्यं कार्ड अजून नवंकोरं हाये."