मोहितच्या फोटोतली बाग

दोष आमच्या आप्पांचा, पावणं. आप्पा म्हंजी सावळेराम — माझ्या बापाचा थोरला भाऊ, अन् तुमी ज्याची चौकशी करताय त्या मोहितचा बाप. बसा की, मंचरची गाडी यायला टाईम हाय. निरगुडसरहून पोराची चौकशी करायला यायचं, अन् ओतूरच्या स्टँडवर नेमका त्याचा चुलतभाऊच गाठायचा — भावकी कधी बरं सांगती का राव? पर तुमी काय, मध्यस्थ माणूस, विचारलंत तर सांगतो. पोरगा चांगला हाय. गुटखा खातो — न्हाई, खोटं कशाला, सोडला त्यानं. इंग्लंडला जाऊन आला हे तर कळलंच असंल, त्याशिवाय का आलाय. आप्पांनी त्याचा तिथला फोटो मोठा करून दारासमोरच्या भिंतीला टांगलाय, देवांच्या तसबिरींच्या वर. चप्पल काढायच्या आधी माणसाला इंग्लंड दिसतं.

तिथं काय बघितलं म्हणता? बाग. कुठल्याशा लॉर्डाच्या जुन्या हवेलीची बाग. फुलवाल्यांच्या संघानं गावागावातनं एकेक पोरगा नेला व्हता, गुलाब करणारा. आता आमच्या घरात गुलाब कोण करतं? मी. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडायला लावलं मला — आप्पा म्हणले, एकानं शिकावं, एकानं गुलाबाचं पॉलिहाऊस बघावं — अन् कुणी काय करायचं तेबी त्यांनीच ठरवलं. माझा बाप सोपान, मान डोलवायलाच जन्माला आलेला माणूस, त्यानं मान डोलवली. मग संघाचा निरोप आला, तर आप्पा म्हणले, जमीन माझ्या नावावर, मान थोरल्या घराचा, मोहित जाईल. मोहित पॉलिहाऊसमधी शिरतो तो पाऊस आला की डोकं झाकायला. बाप परत डोलला. मी बापाला म्हणलं, दादा, एकदा तरी तोंड उघडा. तर म्हणतो, थोरल्याच्या म्होरं बोलायची आपल्यात रीत न्हाई. रीत. दोन भावांत मिळून एकच जीभ, तीबी आप्पांच्या तोंडात.

ते फोटो मला पाठ झाल्यात. कुंपणाची झाडं कातरून त्याचा मोर केलाय. विटांच्या भिंतीवर गुलाब चढवलाय, पार वरच्या खिडकीपत्तुर. अन् फुलं उमलल्यात, पावणं — तुमाला न्हाई कळायचं ते — आमी कळी मिटलेली असतानाच कापतो, उमललं की बाजारात कुणी हात लावत न्हाई. एवढी वर्सं गुलाब केला, पर झाडावर पुरतं फुलू दिलेलं फूल मी पहिल्यांदा त्या फोटोत बघितलं. अन् ह्यो गडी एकूण एक फोटोत गुलाबाकडं पाठ करून उभा, डोळ्यावर काळा गॉगल. मी विचारलं, मोहित, वास येत व्हता का रं? आमी करतो त्या गुलाबाला वास नसतो, म्हणून विचारलं. म्हणला, तेवढं बघायचं ऱ्हायलं, जेवायची गडबड व्हती, अन् जेवण तर निस्तं अळणी. मी असतो तर त्या भिंतीपाशी मातीत फतकल मारून बसलो असतो, उठवलं तरी उठलो नसतो. जळतो म्हणता? जळतोच की. माझ्या जागेवर हुभा हाय तो फोटोत, जळू नको तर काय ओवाळू?

अन् ज्या पोरीसाठी तुमी आलाय, त्या स्नेहलला तरी काय सांगणार ह्यो? तिला बिनवासाचं फूल हातात धरवत न्हाई. म्हणायची, गोरख, ह्ये कागदाचं आणलंस का रं —

न्हाई, तसं न्हाई. एका वर्गात व्हतो, इथंच, ओतूरच्या कॉलेजात. नाव घेऊन बोलते म्हंजी काय, वर्गातली समदीच बोलतात. असं का बघताय? तुमी तिचे मामा? मग आधी सांगायचं की राव. मी मध्यस्थ समजून बसलो.

आता ऐकाच मग. तीच म्हणली व्हती मला — कॉलेज सोडलेल्या पोराला आमच्यात दारात उभं करायचे न्हाईत, पर परदेशी जाऊन आलास तर मामा स्वतः शब्द टाकतील. तुमचंच नाव घेतलं व्हतं. म्हणून ती सहल मला पायजे व्हती. बागंसाठी व्हयच, पर आधी त्यासाठी. अन् आता त्याच फोटोवर भाळून तुमी मोहितला पोरगी द्यायला निघालाय.

चहाचा कप का ठेवलात? प्या की. — बरं, ऱ्हाऊ द्या. तिला काय बोलू नका, मामा. तिनं काय केलं न्हाई, फूल घेतलं एवढंच. मी त्याच घरात म्हणल्यावर मोहितला तुमी आता देत न्हाई, ते दिसतंय मला तुमच्या तोंडावर. मलाबी देत न्हाई. लांबचं कुठलं तरी ठिकाण बघून घाईनं उरकाल, अन् तिला कोण इचारणारबी न्हाई.

जावा, गाडी लागली तुमची. स्नेहलचं न् माझं लगीन व्हत न्हाई.